संकल्पना की व्याख्या? सामाजिक शास्त्रांच्या प्राथमिक अध्यापनातील ‘अंतर्विवाह’ : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

समाजशास्त्र, मानवशास्त्र किंवा मानसशास्त्र या विषयांत पदवीच्या पहिल्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली गाठ पडते ती व्याख्यांशी. समाज म्हणजे काय, संस्कृती म्हणजे काय, समूह म्हणजे काय, विवाह म्हणजे काय, अशा प्रत्येक प्रश्नाखाली चार-पाच विचारवंतांच्या व्याख्या येतात. त्यानंतर वैशिष्ट्ये, मग प्रकार आणि शेवटी महत्त्व किंवा गुणदोष. विद्यार्थी ही चौकट पाठ करतो, परीक्षेत टिपा लिहितो आणि उत्तीर्णही होतो. मात्र ज्या संकल्पनेवर त्याने टीप लिहिली, ती संकल्पना मुळात कोणता प्रश्न सोडवण्यासाठी निर्माण झाली, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही.

व्याख्या आणि संकल्पना यांतील हा भेद केवळ शब्दांचा नाही. व्याख्या ही एखाद्या विचारप्रक्रियेच्या शेवटी हाती येणारी गोष्ट आहे. संकल्पना ही विचार करण्याचे साधन आहे. शेवट आधी सांगितला की विचार करण्याचे कारणच उरत नाही. प्रस्तुत लेखात ‘अंतर्विवाह’ ही एकच प्राथमिक संकल्पना घेऊन हा मुद्दा तपासला आहे. ती निवडण्याची कारणे दोन. मानवशास्त्र, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या तिन्ही शास्त्रांचा तिच्याशी संबंध येतो, हे पहिले. दुसरे अधिक महत्त्वाचे : वर्गात बसलेल्या बहुतेक मुलामुलींच्या आयुष्यात हीच संकल्पना येत्या चार-सहा वर्षांत अत्यंत निर्णायक ठरणार असते.

१. पाठ्यपुस्तकांतील स्थान

मराठीतून उपलब्ध असलेल्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत अंतर्विवाह साधारणपणे दोन ठिकाणी भेटतो. ‘विवाहसंस्था’ या प्रकरणात विवाहाचा एक नियम म्हणून, बहिर्विवाहाच्या जोडीने, त्याला एक परिच्छेद मिळतो : आपल्याच गटात विवाह करणे म्हणजे अंतर्विवाह, आपल्या गटाबाहेर विवाह करणे म्हणजे बहिर्विवाह. पुढे ‘जातिसंस्था’ या प्रकरणात जातीचे एक वैशिष्ट्य म्हणून तो पुन्हा येतो. येथे आधार असतो तो डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या १९३२ मधील ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथाचा. घुर्ये यांनी जातिव्यवस्थेची सहा लक्षणे मांडली : समाजाचे खंडात्मक विभाजन, श्रेणीबद्धता, खानपान व सामाजिक व्यवहारांवरील निर्बंध, नागरी व धार्मिक बाबतींतील विशेषाधिकार आणि अपात्रता, व्यवसायनिवडीच्या स्वातंत्र्याचा अभाव आणि विवाहावरील निर्बंध.

या यादीत विवाहावरील निर्बंध सहावा, म्हणजे शेवटचा आहे. घुर्ये यांच्या ग्रंथात या क्रमामागे विवेचन आहे. अनुलोम विवाहाच्या प्रादेशिक प्रथांसारखे अपवाद समोर ठेवूनच त्यांनी अंतर्विवाह हेच जातीचे सारसर्वस्व मानण्यास नकार दिला होता. पाठ्यपुस्तकात मात्र विवेचन गळून पडते आणि यादी तेवढी उरते. सहा लक्षणे एकमेकांशेजारी, समान वजनाची म्हणून मांडली जातात. त्यांपैकी कोणते कारण आणि कोणता परिणाम, कोणते लक्षण नाहीसे झाले तर बाकीची टिकतील आणि कोणते गेले तर सगळीच ढासळतील, हा प्रश्न यादी विचारू देत नाही. आज शहरात खानपानाचे निर्बंध बरेच सैल झाले आहेत आणि व्यवसायाची सक्ती मोठ्या प्रमाणात सुटली आहे. यादीनुसार उत्तर लिहिणारा विद्यार्थी सहापैकी दोन-तीन लक्षणे क्षीण झाल्याचे पाहून ‘जातिव्यवस्था नष्ट होत आहे’ असा निष्कर्ष सहज काढतो. उलट, भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले. म्हणजे यादीतील शेवटचे लक्षणच सर्वांत चिवट ठरले आहे. ही विसंगती समजून घ्यायची तर यादी पुरेशी नाही. संकल्पनेकडेच वळावे लागते.

२. एक निबंध, तीन शास्त्रे

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. जातींची यंत्रणा, उगम आणि विकास हा त्याचा विषय होता. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉ. आंबेडकरांच्या राजकीय आणि धार्मिक कार्याच्या संदर्भात हा निबंध वारंवार उल्लेखिला जातो. सामाजिक शास्त्रांची ओळख करून देणारे लेखन म्हणून मात्र त्याकडे क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः ती दृष्टी त्याच्या आरंभातच आहे. लोक वस्तूंची प्रदर्शने पाहतात, मानवी संस्थांचे प्रदर्शन ही कल्पना मात्र त्यांना चमत्कारिक वाटते, असे सांगून आंबेडकर श्रोत्यांना अशाच एका प्रदर्शनात घेऊन जातात.

निबंधाची पहिली पायरी म्हणजे पूर्वसूरींच्या व्याख्यांची तपासणी. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या आंबेडकर घेतात. पण पाठ्यपुस्तकासारख्या एकाखाली एक ठेवून सोडून देत नाहीत. सेनार विटाळाला महत्त्व देतात. आंबेडकरांच्या मते विटाळाची कल्पना पौरोहित्याशी निगडित आहे, ती जातीचा गाभा नव्हे. नेसफिल्ड बाहेरच्यांशी खानपान नसणे हे लक्षण मानतात. आंबेडकर म्हणतात, येथे परिणामालाच कारण समजले गेले आहे. रिस्ले यांच्या व्याख्येत त्यांना नवे काही दिसत नाही. केतकरांच्या १९०९ मधील ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ या ग्रंथाला ते सर्वाधिक मान देतात, कारण केतकर एका जातीचा विचार सुटा न करता जातींच्या परस्परसंबंधात करतात. ज्ञानकोशकार म्हणून मराठी वाचकाला परिचित असलेल्या केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती : सदस्यत्व जन्माने मिळणे आणि गटाबाहेर विवाहास मनाई असणे. आंबेडकर दाखवून देतात की ही दोन लक्षणे नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर विवाह करता येत नसेल, तर बाहेरून कोणी सदस्य होण्याचा मार्गच उरत नाही. व्याख्या पाठ करणे आणि व्याख्येची चिकित्सा करणे यांतील अंतर या एका परिच्छेदात विद्यार्थ्याला स्पष्ट दिसू शकते.

दुसरी पायरी मानवशास्त्राची. अंतर्विवाह आणि बहिर्विवाह या पारिभाषिक संज्ञा जे. एफ. मॅकलेनन यांनी १८६५ मध्ये ‘प्रिमिटिव्ह मॅरेज’ या ग्रंथात रूढ केल्या. पाठ्यपुस्तकांत त्या परस्परविरोधी जोडी म्हणून येतात. आंबेडकर त्यांना एकमेकींवर ठेवून पाहतात. भारतीय समाजात बहिर्विवाहाचा नियम मूळचा आणि अतिशय बळकट आहे; सगोत्र विवाहाचा निषेध ही त्याचीच खूण. ज्या समाजात गटाबाहेर विवाह करणे हा नियम आहे, तेथे बंदिस्त गट निर्माण होऊच शकत नाहीत. तरीही जाती निर्माण झाल्या, म्हणजे बहिर्विवाहावर अंतर्विवाह नंतर लादला गेला. अशा रीतीने ‘आहे’ म्हणून गृहीत धरलेली गोष्ट ‘कशी झाली’ या प्रश्नाचा विषय बनते.

तिसरी पायरी समाजशास्त्राची, आणि येथे निबंधाचा युक्तिवाद जवळजवळ गणिती होतो. एखाद्या गटाने दारे बंद करून घेतली, तर त्यातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहणे अटळ ठरते. पती निधन पावला तर पत्नी ‘अतिरिक्त’ ठरते. पत्नी निधन पावली तर पती. अतिरिक्त स्त्री गटाबाहेर विवाह करील किंवा गटातील अन्य स्त्रीच्या विवाहाची संधी कमी करील. दोन्ही मार्गांनी बंदिस्तपणाला धोका. त्यावर सती आणि सक्तीचे वैधव्य हे उपाय. अतिरिक्त पुरुषाला जाळणे शक्य नाही आणि सक्तीने संन्यासी करणे गटाच्या हिताचे नाही. म्हणून त्याला अद्याप विवाहयोग्य न झालेली मुलगी देणे, म्हणजेच बालविवाह. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा आपल्याकडे ‘सामाजिक समस्या’ या प्रकरणात सुट्या सुट्या शिकवल्या जातात. येथे त्या अंतर्विवाह टिकवण्याची साधने म्हणून एका सूत्रात ओवल्या जातात. प्रथांचा गौरव करणारे तत्त्वज्ञान प्रथेनंतर येते, तिच्या आधी नव्हे, हे निरीक्षणही याच विवेचनाचा भाग आहे.

चौथी पायरी मानसशास्त्राची. एका वर्गाने स्वतःला बंदिस्त केले, तर बाकीच्यांनी तसे का करावे? मनूसारख्या स्मृतिकाराने जात निर्माण केली, हा समज आंबेडकर फेटाळतात. एका व्यक्तीच्या आज्ञेने एवढी व्यवस्था उभी राहू शकत नाही. त्याऐवजी ते गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या सिद्धान्ताचा आधार घेतात. अनुकरण प्रतिष्ठिताचे होते आणि ते सान्निध्याच्या प्रमाणात होते. म्हणून ब्राह्मणांच्या सर्वांत निकटच्या जातींनी तिन्ही प्रथा उचलल्या, त्यांहून दूरच्यांनी सक्तीचे वैधव्य व बालविवाह, आणखी दूरच्यांनी केवळ बालविवाह, तर सर्वांत दूरच्यांनी जातीवरील विश्वास तेवढा स्वीकारला. मात्र सगळे अनुकरणावर सोडून ते थांबत नाहीत. काहींनी दार स्वतः लावून घेतले, तर काहींना ते बाहेरून लावलेले आढळले, अशा आशयाची दुसरी प्रक्रियाही ते नोंदवतात. नियम मोडणाऱ्यांना बहिष्कृत केले की त्यांचीच नवी जात होते.

३. मतभेदांची बाजू

एखादा निबंध प्राथमिक अभ्यासासाठी सुचवणे म्हणजे तो निर्दोष मानणे नव्हे. उलट, त्याच्याशी मतभेद कोठे होऊ शकतो हे दाखवता आले तरच तो अध्यापनाच्या उपयोगाचा.

पहिला मतभेद इरावती कर्वे यांच्या लेखनातून पुढे येतो. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी, बर्लिनमधून शारीरिक मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवून पुढे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या कर्वे यांनी १९६१ मधील ‘हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन’ या ग्रंथात जातीला विस्तारित आप्तगट मानले. आंबेडकरांच्या मांडणीत सांस्कृतिकदृष्ट्या एकजिनसी समाजाचे तुकडे होऊन जाती बनतात. कर्वे यांच्या मते अनेक जाती एका अखंडाचे तुकडे नसून मुळातच वेगळे असलेले, शेजारी येऊन वसलेले गट आहेत. त्यांना एक व्यवसायवाचक नाव मिळाले म्हणून ते एक भासतात. महाराष्ट्रात ‘कुंभार’ या एकाच नावाखाली थोरचाके, लहानचाके असे गट आढळतात; त्यांची चाके निराळी आणि परंपरेने बेटीव्यवहारही निराळा. अशा समुच्चयाला कर्वे ‘जातिसमूह’ म्हणतात. कैलाश मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना केली, तीही याच प्रश्नाच्या शोधात.

अखंड तुटले की तुकडे जवळ आले, या वादाला अलीकडे जनुकशास्त्राने नवे परिमाण दिले आहे. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतातील लोकसमूहांचा व्यापक संकर सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाला आणि त्यानंतर तो विरळ झाला. आधी मिसळण, नंतर बंदिस्ती, हा क्रम आंबेडकरांच्या ‘अंतर्विवाह नंतर लादला गेला’ या अनुमानाशी जुळतो. तथापि, बंदिस्ती कोणी आणि का सुरू केली, याचे उत्तर रक्ताच्या नमुन्यात सापडत नाही. जनुकशास्त्र काळ सांगते, कारण सांगत नाही. कोणते शास्त्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते याची मर्यादा विद्यार्थ्याला समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

दुसरा मुद्दा अनुकरणाचा. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये कूर्ग समाजावरील ग्रंथात ‘संस्कृतीकरण’ ही संकल्पना मांडली. तिच्यातही खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांच्या चालीरीतींचे अनुकरण करतात. पण श्रीनिवास यांच्या मांडणीत अनुकरण ही वर जाण्याची शिडी आहे. आंबेडकरांच्या मांडणीत ती दारे बंद करून घेण्याची क्रिया आहे. महाराष्ट्रात अनेक जातींत विधवेचा पाट किंवा मोहतूर लागत असे. कुलीनपणाचा दावा करणाऱ्या घराण्यांनी मात्र तो त्याज्य मानला. यात प्रतिष्ठा वाढली हे खरे, पण ती कोणाच्या आयुष्याच्या मोलाने, हे संस्कृतीकरणाची व्याख्या विचारत नाही. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून हाच प्रश्न विचारला होता. पाठ्यपुस्तकात संस्कृतीकरण ‘सामाजिक परिवर्तन’ या प्रकरणात आणि अंतर्विवाह ‘विवाहसंस्था’ या प्रकरणात असल्यामुळे या दोन संकल्पनांची भेट विद्यार्थ्याच्या मनात होतच नाही.

तिसरा मुद्दा निबंधाने स्वतःच मोकळा ठेवला आहे. ब्राह्मणवर्गाने स्वतःला प्रथम बंदिस्त का केले, हा प्रश्न आंबेडकर पुढील एखाद्या प्रसंगासाठी राखून ठेवतात. या मोकळ्या जागेत स्त्रीवादी अभ्यासकांनी मोलाची भर घातली. उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये मांडलेली ‘ब्राह्मणी पितृसत्ता’ ही संकल्पना स्त्रीच्या लैंगिकतेवरील नियंत्रणाचा संबंध जमीन, वारसा आणि जातिशुद्धी यांच्याशी जोडते. शर्मिला रेगे यांनी २०१३ मधील ‘अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू’ या ग्रंथात आंबेडकरांचे लेखन याच दृष्टीने वाचले. ‘अतिरिक्त स्त्री’ हा १९१६ मधील शब्दप्रयोग कोरडा, हिशेबी वाटतो. पण व्यवस्थेच्या हिशेबात स्त्री कशी मोजली जाते, हे तो कोरडेपणाच उघड करतो.

४. मराठी शब्दांत दडलेली संकल्पना

अंतर्विवाह आणि बहिर्विवाह हे शब्द विद्यार्थ्याला परके वाटतात. पण त्यांनी निर्देशिलेली रचना त्याच्या बोलण्यात लहानपणापासून असते. भावकी आणि सोयरे हे दोन शब्द घ्यावेत. भावकी म्हणजे ज्यांच्याशी सुतक-सोयर आहे, जमिनीचा वाटा आणि वादही आहे, पण लग्नसंबंध होऊ शकत नाही, असे लोक. सोयरे म्हणजे ज्यांच्याशी लग्नसंबंध होतो किंवा झाला आहे, असे लोक. पहिल्या शब्दात बहिर्विवाहाची मर्यादा आहे, दुसऱ्यात अंतर्विवाहाचे वर्तुळ. देवक जुळले तर सोयरीक मोडते, आणि जात जुळली नाही तर ती बोललीच जात नाही. एकच कुटुंब एकाच वेळी दोन्ही नियम पाळते. आंबेडकरांनी सांगितलेले ‘एकावर दुसरे ठेवणे’ हेच.

आतेभाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ अशी चार भावंडे मराठी भाषा निरनिराळी ओळखते. कर्वे यांनी १९५३ मधील ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात भारताचे चार आप्तसंबंधविभाग केले आणि महाराष्ट्र मध्य विभागात, उत्तर व दक्षिण यांच्या संगमावर ठेवला. उत्तरेत भावंडांतील विवाह निषिद्ध, दक्षिणेत आते-मामे भावंडांचा विवाह इष्ट. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाची मुलगी चालते, चुलत्याची मात्र कधीच नाही. ‘मामाच्या मुलीवर पहिला हक्क’ हे गमतीने म्हटले जाणारे वाक्य आप्तसंबंधशास्त्राचा एक नियमच आहे.

मानसशास्त्राच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. ‘आपल्यातला’ आणि ‘आपल्यातला नाही’ हे शब्द स्थळ पाहताना सहज उच्चारले जातात. १९७० च्या सुमारास हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टल येथे १४-१५ वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत केवळ क्ले किंवा कँडिन्स्की या चित्रकारांच्या पसंतीच्या नावाखाली गट पाडले, तरी मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. गट पडला की पक्षपात येतो, हे प्रयोगाने दाखवले. पण प्रयोगातील गट तास संपताच विरतो आणि जात विरत नाही. ती का विरत नाही, याचे उत्तर प्रयोगशाळेत नाही. ते सोयरीक जुळवण्याच्या रीतीत आहे. येथे मानसशास्त्राचा धागा पुन्हा समाजशास्त्राच्या हाती द्यावा लागतो.

५. अध्यापनाच्या दृष्टीने

या विवेचनावरून अध्यापनाविषयी काही सूचना करता येतात. प्रकरणाचा आरंभ व्याख्येने न करता प्रश्नाने करावा : आपल्या घरातील गेल्या तीन पिढ्यांची लग्ने कोणत्या वर्तुळात झाली आणि कोणत्या वर्तुळात कधीच झाली नाहीत? विद्यार्थ्याने वंशावळ काढावी, नाती मराठी शब्दांत लिहावीत आणि मग पारिभाषिक संज्ञांकडे यावे. हे काम करताना विद्यार्थ्याची जात वर्गासमोर उघड करण्याची सक्ती कदापि होऊ नये. अनेकांसाठी ती माहिती म्हणजे अवमानाचे निमित्त असते. वंशावळ वहीत राहावी, चर्चा नियमांची व्हावी.

घुर्ये, आंबेडकर, कर्वे आणि श्रीनिवास यांची मते एकाखाली एक न लिहिता ती एकमेकांसमोर उभी करावीत. परीक्षेतही ‘अंतर्विवाहावर टीप लिहा’ याऐवजी ‘घुर्ये यांच्या सहा लक्षणांपैकी कोणते लक्षण नाहीसे झाल्यास उरलेली टिकणार नाहीत? सकारण लिहा’ असा प्रश्न विचारता येईल. याला एकच ठरावीक उत्तर नाही, आणि तीच त्याची उपयुक्तता आहे.

या सूचनांवर एक रास्त आक्षेप संभवतो. मोठे वर्ग, सत्रपद्धतीमुळे अपुरा वेळ आणि मराठीत मूळ लेखनाची टंचाई यांमुळे शिक्षक चौकटीचा आश्रय घेतात. ही अडचण खरी आहे. पण सुचवलेला निबंध छोटा आहे, आणि आंबेडकरांचे लेखन मराठी वाचकाला अनुवादातून सहज मिळते. कमतरता साधनांपेक्षा क्रमाची अधिक आहे.

निष्कर्ष

अंतर्विवाह ही संकल्पना यादीतील सहावे लक्षण म्हणून शिकवली की ती माहिती होते. प्रश्न म्हणून शिकवली की तीन शास्त्रांचे परस्परसंबंध तिच्यातून उलगडतात. १९१६ च्या निबंधाचे मोल त्याचे प्रत्येक उत्तर अचूक असण्यात नाही. कर्वे यांनी त्याला छेद दिला, स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यात भर घातली, जनुकशास्त्राने त्याचा काही भाग उचलून धरला. त्याचे मोल प्रश्न विचारण्याच्या रीतीत आहे.

या रीतीचे महत्त्व परीक्षेपुरते नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात आंबेडकरांनी आंतरजातीय विवाह हाच जातीवरील खरा उपाय सांगितला आणि त्याच्या आड येणारी शास्त्रांवरील श्रद्धाही दाखवून दिली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने असा विवाह सुकर केला. सामाजिक बहिष्कार रोखणारा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा २०१७ पासून अमलात आला. कायद्याने मार्ग मोकळा केला, तरी त्या मार्गाने जावे की न जावे याचा निर्णय घरात होतो, आणि तो घेताना आपण एखादा निसर्गनियम पाळत नसून मानवनिर्मित नियम पाळत आहोत, एवढे तरी तरुणाला ठाऊक असले पाहिजे. प्राथमिक संकल्पनांच्या अध्यापनाकडून याहून कमी अपेक्षा ठेवणे योग्य होणार नाही.